बोटभर समास

मुहर्रकच्या गल्लीत, एसीच्या थेंबांखाली बादली लावून
मी सपाट करतो
डेव्हन परगण्यातल्या हेसल्डन घराण्याची खासगी पत्रं.
एकूण एकसष्ट. लिलावातून आली,
एकीत ‘बहारीन’ हा शब्द आहे एवढ्याच पुण्याईवर.

लिहिणारी उर्सुला. नवरा वारलेला,
गिरणीचा खंड थकलेला, थोरला सासऱ्याच्या मुठीत.
धाकटा ॲम्ब्रोज कंपनीच्या कोठीवर, गोम्ब्रूनला,
म्हणजे ह्याच पाण्याच्या पलीकडच्या काठाला,
इथून जरा खाली.

तिचं इंग्रजी माझ्यासारखं, ऐकू येईल तसं लिहिलेलं.
एकाच पानावर ‘मुलगा’ तीन तऱ्हांनी.
मायना मात्र ठरलेला, लांबलचक, देवाला साक्षी ठेवून.
मी मनात वाचतो :
चि. ॲम्ब्रोज यास अनेक उत्तम आशीर्वाद,
इकडील सर्व क्षेम
आणि क्षेम म्हणून झाल्यावर,
तांबडी गाय मेली.
छपराचं शिसं चोरीला गेलं.
मार्जरीचं जमत आलं होतं, हुंड्यावरून मोडलं.
काकांशी आपण बोलत नाही, तूही पत्र घालू नकोस.
सोबत सहा सदरे. बाह्या अंदाजाने.

बाह्या अंदाजाने.
इथे मी थांबलो तो दुपारपर्यंत.
टिपकागद हातातच वाळला.

मालकांना हवं आहे ते सत्तेचाळिसावं.
‘बहारीनचे मोती तिकडे स्वस्त असतात असं ऐकते,
मार्जरीसाठी बारीकसे दोन मिळाले तर बघ,
महाग असले तर राहू दे. राहूच दे.’
भिंतीवर लागणार फक्त पहिली ओळ,
अरबीत आणि इंग्रजीत, वीतभर अक्षरांत.
‘राहूच दे’च्या जागी तीन टिंबं.

कागद संपल्यावर तिने पान आडवं फिरवलंय
आणि समासात मुंग्यांची रांग लावावी तसं काहीतरी.
ता. क. असं म्हटलेलं नाही, पण आहे ताजा कलमच.
शाई पातळ. बहुतेक निरोप्या दारात खोळंबलेला.
‘उन्हात बोडक्याने हिंडू नकोस.
जेवतोस काय, ते लिही.
मागच्या पत्रात ते नव्हतं.’

पाठीमागे दुसऱ्याच कुणाचं टोकदार अक्षर :
पोचले चौदा महिन्यांनी. धनी हयात नाही.
सदरे सहा, कोठीतच लिलाव, नऊ शिलिंग.
टोपी एक. गिऱ्हाईक नाही.

शाजीने चौकटीचं माप पाठवलं.
पुठ्ठ्याची खिडकी त्या मापाने कापली तर
समास बरोब्बर झाकला जातो.
मालक म्हणाले, छान, स्वच्छ दिसेल.

मी मिरजेचा. बाप सतारीचे पडदे बांधायचा,
केसभर सरकला की सूर गेला, म्हणायचा,
आणि केसभर सरकवायचा.
आई पूर्वी आंतर्देशीयाच्या घडीवरही लिहायची,
डिंक लावायच्या पट्टीवर, फाडताना निम्मं जायचं.
आता आवाज पाठवते. चौदा सेकंद,
त्यातले नऊ कुकरचे.
शेवटी फोन खाली ठेवता ठेवता कुणाला तरी विचारते,
गेलं का रे?

रात्री पातं बदललं.
खिडकी डावीकडे बोटभर मोठी कापली.
चौकट जराशी तिरकी वाटते आता,
एका बाजूला कलल्यासारखी,
जसं कुणी ऐकायला वाकावं. नाही,
तसं काही नाही. वाकडी दिसते, एवढंच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी
मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला,
काचेला नाक लावलं.
हे काय कडेला? वाळवी?

नाही, म्हटलं.
घरचं लिहिलंय.