पाऊणपट

तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं,
की आला भरतीचा तास.
आज सप्तमी. सव्वापाच.
गणित जोमाकाकांचं, तोंडी.
वही माझी.

पस्तीस वर्षं मी रबाळ्याच्या कारखान्यात
मायक्रोमीटर धरला.
केसाच्या दहाव्या हिश्शाची चूक
डोळ्यांच्या आधी बोटांना कळायची.
वाटलं होतं, मासा म्हणजे तरी काय,
एक गळ, एक पीस, नीट फेकलेली दोरी.

पीस कोंबड्याच्या मानेचं. मीच बांधतो,
लाल दोऱ्याने,
पाण्यात पडलं की कोळंबी वाटावी असं.
पहिले तीन महिने
ते फक्त तिवरांनी खाल्लं.

सारसोळ्याच्या जेट्टीवर जोमाकाका उकिडवे,
फाटकं जाळं पुढ्यात.
वर न बघताच म्हणाले,
"तू मोजतंस. बगत नाय."

तेव्हापासून गळ घरी ठेवून यायला लागलो.
बसायचं नुसतं.
पाणी चढलं की कुठला निवटा
कुठल्या बिळात शिरतो.
बोयटांची पोरं काठाकाठाने चरत येतात
आणि मध्येच, काही कारण नसताना,
सगळी एकदम उजवीकडे सरकतात.

कारण असतं.
ते दिसायला मला
दिवाळीपासून शिमगा लागला:
खांबाच्या सावलीत पाणी आतून फुगतं,
तव्यावरच्या भाकरीसारखं,
आणि फुटत नाही.
जिताडा.

आज गळ आणलाय.
भांगाचं पाणी, संथ, जरासं निवळ.
पलीकडे नेरूळच्या इमारतींचे दिवे लागायचेत.
बगळा थांबलाय, म्हणून मीही.

बोयटं सरकली.
पीस त्यांच्या मागे हातभर पडलं,
आवाज न करता,
बुडत गेलं.
खालून एक रुंद, रुपेरी अंग वळलं,
पिसाशी आलं
आणि थांबलं.
पाहिलं त्याने.
(मला स्वतःला कुणी इतकं निरखून
पाहिल्याचं आठवत नाही.)
मग शेपटी न हलवता
मागे मागे, गढूळात.

जोमाकाकांनी गाठीचा दोरा दाताने तोडला.
"आयलेला," एवढंच.

घरी हेमलता विचारते, काय मिळालं?
भरती वीस मिनिटं उशिरा, मी सांगतो.
तरी ती पिशवीत बघते.

रात्री जेवणाच्या टेबलावर, ताटं उचलल्यावर,
भिंगाखाली धरलं पीस.
एक तंतू बाकीच्यांहून लांब.
केसाचा दहावा हिस्सा कसला,
चांगला तांदळाच्या दाण्याएवढा.
माझ्या हातून सुटला.
त्या गढूळ पाण्यात, त्या तेवढ्या उजेडात
त्याला दिसला.

कात्री कुठे आहे, हेमलता?

उद्या अष्टमी.
सहा.
आणि वर वीस मिनिटं.