करंगळीएवढी नळी

सायलेन्सर बदलला त्याला आज बारावा दिवस.
शिरोलीच्या फॅब्रिकेशनवाल्यानं
मधला डबा काढला, भंगारात फेकला,
चार इंची सरळ पाईप बसवून दिला.
म्हणाला, मालक, आता गाडीला मोकळा श्वास.
तावडे हॉटेलापाशी दाबलासा
तर पंचगंगेच्या पुलावर ऐकू जाईल.

गेला की ऐकू.
मी काच खाली, कोपर बाहेर.

मग करूळ घाट.
तळेऱ्याचा चिरा भरलेला.
दर खेपेला तिसऱ्यात चढणारी गाडी
दुसऱ्यात कण्हायला लागली,
मग पहिल्यात.
आवाज वाघाचा, चाल गोगलगाईची.
मागून एसटीनं हॉर्न दिला,
तिच्या मागून दुधाच्या टेम्पोनं,
आणि खोटं कशाला सांगू,
एक लूना पुढं निघून गेली.
मागं बाई, बाईच्या मांडीवर कोंबडा.
कोंबड्यानं माझ्याकडं वळून बघितलं.

उद्यमनगर. इलाही शिकलगारची शेड.
पाना हातात न घेता त्यानं विचारलं,
काळा धूर मारतीया?
मी फुशारकीनं, छे! पार बंद झालाय.
तो नुसता हं म्हणाला.
त्या हं-मध्येच सगळं होतं,
पण मला कुठलं कळायला.

डिझेलचा फिल्टर उघडला, साफ.
हवेचा झटकला, थोडी धूळ, तेवढीच.
ओलं पोतं पाईपाच्या तोंडावर धरायला लावलं मला
आणि उदबत्ती घेऊन तो जोड-जोड फिरला
टर्बोच्या गळ्यापर्यंत.
उदबत्तीची रेघ कुठं मोडली नाही.
टर्बोचं चाक बोटानं फिरवलं,
भिंगरीसारखं सुटलं.

मग पंपाच्या मागं खांद्यापर्यंत हात घालून,
डोळे मिटून, चाचपत राहिला,
आणि एकदम म्हणाला, घावली.

करंगळीएवढी रबराची नळी.
नवा पाईप हिच्यापासून दोन बोटांवर,
हिला भाजून, चिकटवून, भोक पाडून बसलेला.
ही पंपाला सांगती, भावा,
वर हवा आली, आता डिझेल सोड.
हवा येतीया रग्गड.
पण सांगणारीचंच तोंड भाजलंय.
पंप बिचारा उपाशाला वाढावं तसं
चमच्या-चमच्यानं वाढतोय.
धूर कुठनं येणार?

नळीचे साठ रुपये.
पाईपाची पट्टी सोडवून चार बोटं बाजूला,
वर काचेच्या लोकरीचं फडकं गुंडाळलं.
साठ रुपयांत फॅब्रिकेशनवाल्यानं
पाईपाला रंगसुद्धा मारला नसता.

चिरा उतरवायचा होता वाडी रत्नागिरीला.
केर्लीच्या पुढं चढ लागला.
मी दाबला. थोडा काळा धूर,
आणि गाडी तिसऱ्यात, तक्रार न करता.
आरशातला तो धूर बघून
इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

येताना भंगारवाल्याकडं थांबलो.
डबा? तो म्हणाला, काल गेला की फौंड्रीत.

उचगावात रात्री दहा.
पद्मा दारात उभी.
बारा दिवस हिला माझी गाडी ओळखू येत नव्हती,
कुणाची तरी समजून कूस बदलायची,
सकाळच्या भाकरीचा तुकडा मी कांद्याशी खायचो.
सायलेन्सरमुळं, असं मी धरून चाललो होतो.

आज कशी कळली?
ती म्हणाली, आवाजाला काय जाळायचंय?
वळणावर तिसऱ्यातनं दुसरा टाकताना
तुमी दोनदा क्लच दाबतासा.
मधी इंजन एवढंसं थांबतंय, घोट गिळल्यागत.
बारा दिवस वळणावर घोटच न्हवता.

बारा दिवस मी तिथं
आधीच दुसऱ्यात असायचो.

तव्यावर भाकरी फुगली होती.
डबा परत आणायला गेलो होतो
हे तिला सांगितलं नाही.