खाली जाणं फुकट

ग्लदानीतल्या आमच्या इमारतीत
लिफ्टला पूर्वी एक लोखंडी डबी होती.
दहा तेत्रीचं नाणं टाकायचं,
डबी खोकल्यासारखं करायची, आणि वर.
खाली जाणं फुकट.
पोरं नाण्याला भोक पाडून दोरा ओवत,
वर पोचलं की नाणं ओढून परत खिशात.
ही चोरी का, असं विचारलं
तर तिसऱ्या मजल्यावरचा ओतिया म्हणायचा,
चोरी माणसाची होते. डबीची कसली?

गेल्या हिवाळ्यात कंपनी आली.
डबी गेली. इमारतीच्या दाराला एक,
लिफ्टला एक, असे निळे डोळे बसले.
घरटी एक कार्ड, महिन्याला बारा लारी,
आणि एक्केचाळीस पानांचा करार.
सगळ्यांच्या वतीनं 'मान्य आहे' मी दाबलं.
सेक्रेटरी मीच.
दुसरं पान उघडलं होतं, खोटं नाही सांगत.
मग दूध उतू गेलं.

आता कार्डाला फक्त आपापला मजला कळतो.
आठव्यावरच्या झुझुनाला
सहाव्यावर त्सियालाकडे लोटो खेळायला जायचं
तर 'पाहुणा-मजला' असं वेगळं पॅकेज आहे. सात लारी.
झुझुना म्हणाली,
छत्तीस वर्षं जातेय तिच्याकडे,
अजून पाहुणीच का मी?

त्या रात्री खाली दारापाशी सगळे जमले.
बाहेर बर्फ, आत ज्याचं त्याचं मत.
रेवाझनं आयुष्यभर फ्रिज दुरुस्त केले,
तो म्हणाला, दहा मिनिटं आणि एक पाना द्या.
चौथ्यावरची केतो वकिलीच्या शेवटच्या वर्षाला;
तिनं फोनवर कलम सतरा काढून दाखवलं:
डोळ्याचे स्क्रू सोडवणं हा गुन्हा.
लिफ्ट कोणाची? आपली.
दोर? आपले. वंगणाचे पैसे? तेही आपलेच.
मग डोळा?
डोळा त्यांचा.
म्हणजे धड आमचं आणि डोकं त्यांचं,
रेवाझ म्हणाला, असलं जनावर पाळायचं कोणी?

केतोचा भाऊ म्हणाला, सॉफ्टवेअर असंच असतं.
डोंगर असाच असतो,
असं सांगावं तशा आवाजात म्हणाला.

कोर्टात जाऊ, ओतिया म्हणाला.
शहाण्यानं ती पायरी चढू नये, मागून कोणीतरी.
झुझुनानं विचारलं,
कितव्या मजल्यावर आहे कोर्ट?
कोणी हसलं नाही.
तिचे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत.

मग वाट तिनंच काढली.
कठड्याला धरून दोन मजले उतरायचं.
लोटो, चहा, अक्रोडाचा मुरंबा, जावयाची निंदा.
परतताना जिना चढवत नाही,
म्हणून सहाव्यावर लिफ्ट बोलवायची,
तळाला जायचं
(खाली जाणं अजून फुकट),
दार उघडून मिटू द्यायचं,
आणि कार्ड दाखवून थेट आठव्यावर.
दोन मजल्यांसाठी चौदा मजल्यांचा प्रवास.
केतोनं करार पालथा घातला. यावर कलम नाही.

मार्चमध्ये पत्र आलं, सेक्रेटरीच्या नावे.
'कार्ड क्रमांक ८०२. वापर असामान्य.
कार्डधारक बाहेरून आत न येता
महिन्यात एकतीस वेळा तळावरून वर गेला आहे.
कृपया खुलासा करावा.'

खुलासा मी तीनदा लिहिला.
पहिल्यात कायदा होता, दुसऱ्यात गुडघे.
तिसऱ्यात छत्तीस वर्षं,
तो बरा उतरला होता,
पण पाठवण्याआधी पुन्हा 'मान्य आहे' दाबायचं होतं,
आणि त्याखाली सहा पानं.

या वेळी वाचतोय.
चौथ्या पानावर आहे.
जिन्यात तिच्या सपाता वाजतायत,
सातव्याच्या वळणावर थांबल्या.
दम घेत असेल,
किंवा जावयाचं काहीतरी नवीन आठवलं असेल.