घडी

सेमेयच्या बालगृहात रोज दोनदा, दीड-दीड तास,
असे पंधरा दिवस.
मधल्या वेळात हॉटेलवर बूट वाळवायचे,
मग पुन्हा तोच रस्ता, गोठलेल्या इर्तिशच्या कडेनं.
दर्वला वहीत लिहायची:
आज बिस्कीट घेतलं.
आज बिस्कीट परत दिलं.
आज मालाकीच्या दाढीला बोट लावून पाहिलं.

मालाकी म्हणजे मी.
लीट्रिममध्ये शाळेची बस चालवतो.
दुसऱ्यांची बेचाळीस पोरं दारोदार उतरवून
रिकामी बस घरी आणायची सवय झालेला माणूस.

तिचं नाव शोल्पान. वय तीन वर्षं, दोन महिने.
शोल्पान म्हणजे शुक्राची चांदणी, दुभाषी म्हणाली,
आणि लगेच घड्याळाकडे बघून: चला, वेळ संपली.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, हीच का?
उत्तर मी विमानातच पाठ केलं होतं.
तोंडातून निघालं, "तिनं बिस्कीट परत दिलं."
दुभाषीनं त्याचं काय केलं कोण जाणे,
बरंच लांबलं ते.
बाईंनी शिक्का मारला.

न्यायच्या दिवशी राउशाननं,
जिला ती आपा म्हणायची,
तिला स्टुलावर उभं केलं आणि एकेक उतरवलं:
स्वेटर, मोजे, बनियन, केसांतली लाल रिबीन.
सगळं बालगृहाचं. उद्या दुसरीला लागेल.
अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, म्हणतात ना,
आमची लेक तेवढंही घेऊन निघाली नाही.
रडली नाही. दोन्ही हात वर करून उभी राहिली,
आम्ही आणलेला कोट चढेपर्यंत.
दोन मापं मोठा निघाला तो.
मग खाली उतरून, कुणी न सांगता,
तिनं उतरवलेल्या कपड्यांच्या घड्या घातल्या.
बाही आत, बाही आत, मग मधोमध.
वर रिबीन ठेवून ढीग राउशानच्या हातात दिला.
राउशान खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ.

इथं आल्यावर शेजारची नोरीन सफरचंदाचा टार्ट घेऊन आली.
ती तिला शाल म्हणते. तेवढंच तिच्या जिभेला झेपतं.

रात्री शोल्पाननं कपडे काढले, घड्या घातल्या
आणि ढीग खाली नेऊन ठेवला
बाहेरच्या दाराशी, माझ्या गमबुटांशेजारी.
किती शहाणी, दर्वला म्हणाली.
दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तेच.
नवव्या रात्री, बुटांतला चिखल झटकताना,
मला एकदम कळलं:
ती ते परत करत होती.

दर्वलाला सांगितलं तर ती अंगणातल्या गाडीत जाऊन बसली,
दिवे न लावता.
फोनवरून एक रशियन शब्द शिकलो. त्वायो. तुझं.
त्वायो बूट, त्वायो फ्रॉक, त्वायो ही उशी.
ती मान डोलवायची. आणि घडी घालायची.
दर्वलानं प्रत्येक कपड्यावर तिचं नाव विणलं,
तर घडी अशी घालू लागली की नाव वर दिसावं.

तिला परत जायचं असेल, मालाकी, दर्वला एकदा म्हणाली.
मी बस धुवायला गेलो. धुतलेलीच बस.
पुसता पुसता त्या रिबिनीचा विचार करत होतो,
आता कुणाच्या केसांत असेल.
अजूनही करतो कधी कधी.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत,
नोरीनच्या वासराला बाटलीनं दूध पाजून ती आली,
शेणाची, चिखलाची, कुणाशी तरी भांडल्यासारखी,
आणि जेवायच्या आधीच झोपून गेली.
दाराशी ढीग नव्हता.
कोट जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, एक बाही उलटी.
एक मोजा कुत्र्याच्या टोपलीत.
दुसरा आजतागायत सापडलेला नाही.

सवयीनं मी वाकलो.
"हात लावू नकोस," दर्वला मागून कुजबुजली.

तीन दिवस आम्ही तो कोट ओलांडून
वर-खाली करत होतो.