काटा एकच

मरोळच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
अठरा अंशांवर शाल पांघरून बसलेय.
समोर आठ नव्या डिस्क, चपट्या, कंपासपेटीएवढ्या.
आत फिरणारं काही नाही, म्हणून कुरकुरही नाही.

एकेकीला वेगळं पळवून पाहिलं:
खोक्यावर लिहिलेला आकडा खरा, वर थोडा जास्तच.
आठी एका मोटेत बांधल्या
आणि लिहिताना सगळ्या मिळून एकीच्याही मागे.

खालून फिरदौसचा फोन,
"अगं, समुद्र अडकतोय."
त्याच्या पडद्यावर लाट उचलली जाते
आणि हवेतच थांबते, काचेच्या कपाटातल्यासारखी.
निर्माता मागे सोफ्यावर बसलाय.

चौसष्ट गाभे उघडून बघितले.
त्रेसष्ट निवांत.
एक एकटाच शंभर टक्क्यांवर,
बेरजा करतोय, कुलूप लावतोय, काढतोय, लावतोय.

बाबा सांगायचे,
शिडाच्या होड्या वाऱ्याच्या मर्जीने लागायच्या धक्क्याला,
आता एक, मग तासाने दुसरी.
काट्यावर जोमा नाखवा एकटा पुरायचा,
मधे विडीही ओढून व्हायची.
मग इंजिनं आली.
पहाटे वीस होड्या एकदम,
आणि जोमा तोच, काटा तोच,
पाट्यांत बोंबील मऊ पडायला लागलेले.
लोक म्हणाले, इंजिनातच खोट आहे.

ज्याने हा कोड लिहिला तो काही खुळा नव्हता.
त्याच्या काळी तबकडी फिरून जागेवर येईस्तोवर
हिशोब दहादा झाला असता.
त्याचं कुलूप म्हणजे शिस्त होती.
शेजारी त्याने लिहून ठेवलंय: इतकं पुरे.
पुरतच होतं.

एकाच्या जागी चौघांना हिशोबाला बसवलं.
पट्टे जुळवायची परात मोठी केली.
'आता इथे लिहिणार' अशी दरवेळी नोंद करायची वही
उचलून दुसऱ्याच डिस्कवर ठेवली.
सव्वा गिगाबाइटचे साडेचार झाले सेकंदाला.
मोह झाला, सोळा जण बसवले:
साडेतीनवर घसरलं.
सोळा हात, आणि दौत एकच.
आठ केले. पाचला थोडं कमी.
याहून पुढे कोडच उसवावा लागेल,
आज नाही.

शेवटी एक डिस्क चालू असताना उपटली,
मुद्दाम.
उरलेल्या सातांनी तिचं सगळं
आपापसात वजाबाकी करून परत दिलं,
जरा धापा टाकत.
तीही परत खोचली.

"फुटली," फिरदौस म्हणाला. लाट.

पाच वाजले होते, बाबा उठलेलेच असतात.
विचारलं, मग जोमाचं काय झालं?
दुसरा काटा आणला?
"आणला की.
मग दोघं वर्षभर भांडत होते,
खरा काटा कुणाचा."