तेरा बरगड्या

सकाळी सहाला काचपट्टीवर एक थेंब.
शुक्राणू दिसला की वहीत लिहायचं: दिवस शून्य.
एवढंच लग्न, एवढंच पंचांग.

गफूरमामू पिंजऱ्याला चिठ्ठी डकवतात,
भुसा बदलतात, कूलरमध्ये पाणी ओततात.
परभणीचं ऊन पत्र्यातून खाली उतरतं.
पारा वर सरकला
तर माझ्या प्रबंधाची दोन वर्षं घामात जातील,
हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक.
"ही पोटुशी हाय, हळू उचल," म्हणतात.
गाभण म्हणत नाहीत.

सातवा दिवस ते बारावा.
पाठ अजून मिटायची असते तेव्हा,
उघड्या पन्हाळीसारखी,
दोन्ही काठ एकमेकांकडे सरकत असतात.
नेमक्या त्या दिवसांत मी घशातून नळी घालते
आणि फिटचं औषध सोडते.
तेच,
जे गंगाखेडला सुचिताताईच्या उशाशी असतं
नववीत प्रार्थनेच्या रांगेत पडली तेव्हापासून.

तिसऱ्या गटाला नुसतं औषध.
चौथ्याला औषध, आणि दोन आठवडे आधीपासून
पिवळं फोलिक, पाण्याशी भांडणारं.
चिमूटभर सोडा टाकला की ऐकतं.
ढाल म्हणावं तर शब्द फार मोठा होतो.

"थांबवू का गं मी गोळी?"
"खुळी का? चुलीपुढं पडशील."
"मग पोटातलं?"
मग मी उंदरांविषयी बोलते.
एक गेलं तिचं, पाचव्या महिन्यात.
सासू म्हणाली, ग्रहणात सुपारी कातरली असेल.

विसाव्या दिवशी पोटं उघडली.
त्याबद्दल इथे लिहीत नाही.
मामूंनी त्या दुपारी डबा सोडला नाही, एवढंच.

क्षारात मुरली की मांस काचेसारखं होतं,
ग्लिसरीनमध्ये तरंगतात पिल्लं, करंगळीएवढी,
हाडं लाल, कूर्चा निळी.
इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही
आणि हे कुणाला सांगता येत नाही.

उंदराला बरगड्या तेरा.
मी टाचणीच्या टोकानं मोजते, डावीकडून.
तिसऱ्या गटात नवव्याला टाचणी अडते:
दोन बरगड्या एकात एक,
ओल्या शेवया चिकटाव्यात तशा.
आणि पाठीवर ते काठ, भेटायचे राहिलेले.

चौथा गट, सहावी मादी. पिल्लं अकरा.
तेरा. तेरा. तेरा.
मामू मागे उभे: "जमायलीय का बेरीज?"
बारा.
पुन्हा मोजलं. बाराच.
तेरा.

रात्री ताईचा फोन.
"मोजून झालं? किती नीट निघाली?"
आठ, म्हणाले.
कितीपैकी, ते तिनं विचारलं नाही.
"आठ म्हंजे लय झाली की."
मग डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं पिवळ्या गोळीचं नाव
अक्षर अक्षर लावून वाचलं,
हीच का, म्हणून.
हीच, म्हणाले. एक दिवस चुकवू नको.