वजन

पावणेसहाला कळमना यार्डात पोचतो.
स्कूटर वजनकाट्यामागं लावून
उलट्या क्रेटवर बसतो.
वही इतवारीतली, लाल कापडी पुठ्ठ्याची, खतावणीची.
डावीकडं जमा, उजवीकडं नावे.
मी जमेच्या बाजूलाच काढतो. सवय.

रोज एक पान. साधो, फसो.
पावणेसातला पेन्सिल खिशात,
मग शाळा, सहावी ब:
केळं, फुलदाणी, मागं पडदा.

मार्चात मिरचीचे ढीग लागतात.
ठसका येतो नि रेघ उडते.
उडालेली रेघ मी खोडत नाही.

झिबलभाऊ एकदा मागं येऊन उभे राहिले,
दुपट्ट्यानं मान पुसत.
"मास्तर, पोत्यात भुस्सा भरला का जी?
तुमचा हमाल तं हासून राहिला."

मी हसवला नव्हता त्याला.
ठसक्यानं ओठ वर गेला होता.
पण पोत्याचं खरं होतं.

तेव्हापासून वजन शोधतोय.
कोळशानं पोतं काळं केलं,
ते नुसतं काळं झालं.
पाठ वाकवली, तर माणूस
कुणाच्या तरी पाया पडताना दिसला.
मानेच्या शिरा काढल्या एकोणीस पानं.
मृगाची संत्री संपली,
घरी कूलरला नवी ताटी लागली,
वहीतली पोती अजून
पिसांचीच.

मग परवा पेन्सिल हातातून निसटली.
उचलायला वाकलो, तर डोळ्यासमोर
ट्रकच्या फळीवर चढणारा पाय.
टाच हवेत.
अंगठा बाकीच्या बोटांना सोडून
लांब सरकलेला, फळी धरून,
नख दाबानं पांढरं.
आणि फळी
मधोमध बोटभर खाली.

तेवढंच काढलं. अंगठा, फळीचा बाक.
वरचं सगळं पान कोरं.

झिबलभाऊंनी वही लांब धरून पाहिली.
खर्रा या गालातून त्या गालात गेला.
मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी.
"हा काही माहा पाय नाही," म्हणाले,
"सुदाम्याचा होय.
माहा अंगठा मोडला होता, तो आत वळते."
आणि चप्पल काढून
धुळीत, माझ्या क्रेटसमोर
पाय ठेवला.

सात वाजून गेले होते.
सहावी ब आता बाकं वाजवत असेल.
जमेचं पान भरलेलं होतं.
मी नाव्याच्या बाजूला
पहिली रेघ ओढली.